झिगी स्टारडस्ट : गायक, पात्र आणि निवेदक

१

काव्यातील ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हा सिद्धान्त आपल्या अभ्यासकांना अपरिचित नाही. ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतातील पत्नीघातकी सरदार बोलू लागला, तर त्या घाताचा आरोप कोणी ब्राउनिंगवर ठेवीत नाही. परंतु शब्द छापील पानावरून उठून कंठात आले, आणि तो कंठ डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या देहाचा असला, की हा सिद्धान्त आपल्या हातून सहज निसटतो. गाणारा समोर असतो; तो ‘मी’ म्हणतो; आणि ऐकणारा तो ‘मी’ त्याच्याच पदरात टाकून मोकळा होतो. लोकप्रिय गीतांच्या विवेचनात जे अनेक घोटाळे आढळतात, त्यांतील बऱ्याच घोटाळ्यांचे मूळ येथे आहे.

प्रस्तुत लेखात एकच गीत घेऊन हा प्रश्न तपासावयाचे योजिले आहे. इंग्रज गायक डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) ह्याचे ‘झिगी स्टारडस्ट’ हे ते गीत होय. जून १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द राइज अँड फॉल ऑफ झिगी स्टारडस्ट अँड द स्पायडर्स फ्रॉम मार्स’ ह्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेतील अकरा गीतांपैकी हे नववे. त्याचा कालावधी जेमतेम सव्वातीन मिनिटांचा आहे. ह्या गीताविषयी सर्वसाधारण समज असा की, बोवीने झिगी नामक परग्रहवासी गायकाचे सोंग घेतले आणि त्या सोंगात शिरून हे गीत म्हटले. ह्या समजातील तिन्ही विधानांना गीताची संहिता व तिचा इतिहास हरकत घेतात. गीत झिगी म्हणत नाही. झिगीविषयी दुसरा कोणी म्हणतो. झिगी परग्रहवासी असल्याचे गीतात कोठेही सांगितलेले नाही. आणि गीताची रचना झाली त्या वेळी झिगीचे सोंग रंगमंचावर आलेलेच नव्हते. ह्या तीन गोष्टींचा परस्परसंबंध लावला असता, कल्पित पात्र आणि त्याला देह देणारा कलावंत ह्यांच्या नात्यावर जो प्रकाश पडतो, तो ह्या एका गीतापुरता मर्यादित राहत नाही.

२

प्रथम ह्या गीताचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. ‘ग्लॅम रॉक’ ही संज्ञा १९७१ पासून पुढील चारपाच वर्षांत ब्रिटनमध्ये भरभराटीस आलेल्या गायनप्रकारास लावण्यात येते. चकाकणारी तंग वस्त्रे, पुरुषांच्या मुखांवर रंग आणि चमकी, उंच टाचांची पादत्राणे, आणि ह्या सर्वांच्या जोडीला साधी, ठसकेबाज, नृत्यास अनुकूल अशी गिटारप्रधान चाल, ही त्याची बाह्य लक्षणे. मार्च १९७१ मध्ये टी. रेक्स ह्या वृंदाचा गायक मार्क बोलन गालांवर चमकी लावून बी. बी. सी.च्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ ह्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘हॉट लव्ह’ हे गीत गावयास उभा राहिला, तो प्रसंग ह्या प्रकाराचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. स्लेड, स्वीट, रॉक्सी म्युझिक इत्यादी वृंद थोड्याफार फरकाने ह्याच परंपरेत येतात.

परंतु वेषभूषा हे ह्या चळवळीचे मर्म नव्हे. तत्पूर्वीच्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक संगीतात प्रामाणिकपणाचे मोठे माहात्म्य निर्माण झाले होते. गायकाने साध्या कपड्यांत उभे राहावे, स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगावे, आणि रंगमंचावरील मनुष्य व रंगमंचाबाहेरील मनुष्य ह्यांत भेद नसावा, अशी अपेक्षा रूढ झाली होती. ग्लॅम रॉकने ही अपेक्षाच नाकारली. गायन हे निवेदन नसून अभिनय आहे, आणि कृत्रिमता हा दोष नसून साधन आहे, ही त्याची भूमिका. अर्थात ह्यास पूर्वोदाहरण नव्हते असे नाही. १९६७ मध्ये बीटल्सनी एका कल्पित वाद्यवृंदाचे नाव धारण करून ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्‌स क्लब बँड’ ही ध्वनिमुद्रिका काढली होती. परंतु तेथे ते नाव मुख्यत्वे एक चौकट म्हणूनच वावरते. कोणी ते अंगावर घेऊन महिनोन्‌महिने गावोगाव हिंडला नाही.

बोवीची मनोघटना ह्या नाट्यमार्गास अनुकूल होती. त्याचे मूळ नाव डेव्हिड रॉबर्ट जोन्स. त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध गायकाशी घोटाळा होऊ नये म्हणून १९६५ मध्ये त्याने ‘बोवी’ हे नाव घेतले. म्हणजे झिगीच्या आधीही एक नाव धारण केलेले होतेच. पुढे लिंड्से केम्प ह्या मूकाभिनयकाराच्या हाताखाली त्याने मुखवटा, देहबोली आणि वेष ह्यांचे शिक्षण घेतले. १९६९ च्या ‘स्पेस ऑडिटी’ ह्या गीतात त्याने मेजर टॉम नामक कल्पित अंतराळवीर निर्माण केला होता. फिलिप ऑस्लँडर ह्यांनी ग्लॅम रॉकवरील आपल्या २००६ च्या ग्रंथात गायकाच्या तीन पातळ्या कल्पिल्या आहेत : प्रत्यक्ष व्यक्ती, लोकांसमोर वावरणारी प्रयोगव्यक्ती, आणि विशिष्ट गीतातील पात्र. ही मांडणी येथे उपयोगी पडते. डेव्हिड जोन्स ही व्यक्ती, डेव्हिड बोवी ही प्रयोगव्यक्ती, आणि झिगी हे पात्र. मात्र आपल्या गीतात ह्या तिघांखेरीज एक चौथाही आहे, आणि त्याच्याकडेच बहुधा दुर्लक्ष होते. तो म्हणजे निवेदक.

३

झिगीची घडण कोणकोणत्या द्रव्यांतून झाली, ह्याविषयी बोवीने वेळोवेळी सांगितले आहे. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे द्रव्य म्हणजे व्हिन्स टेलर हा गायक. ह्याचा जन्म इंग्लंडमधला, बालपण अमेरिकेतले, आणि १९६० नंतरची कीर्ती मुख्यत्वे फ्रान्समधली. काळ्या कातड्याचे कपडे घालून उन्मत्त अभिनयासह गाणारा हा मनुष्य पुढे नशेच्या आहारी गेला, त्याचे मानसिक संतुलन ढळले, आणि आपण ईश्वरी पुरुष असल्याचे तो सांगू लागला. लंडनमध्ये ह्याच अवस्थेत बोवीची व त्याची गाठ पडली होती. भर रस्त्यात नकाशा पसरून परग्रहवासीयांची ठिकाणे तो दाखवीत असे, अशी आठवण बोवी सांगे. ‘स्टारडस्ट’ हा नावाचा उत्तरार्ध ‘लेजंडरी स्टारडस्ट काउबॉय’ ह्या विक्षिप्त अमेरिकन गायकाच्या टोपणनावावरून आला. ‘झिगी’ हे नाव आगगाडीतून दिसलेल्या एका शिंप्याच्या दुकानावरून सुचले, असेही बोवीने एके ठिकाणी म्हटले आहे. त्यात इग्गी पॉप ह्या गायकमित्राच्या नावाचा प्रतिध्वनी ऐकू येतो, तोही योगायोग नसावा.

ह्या द्रव्यांत टेलरचे स्थान निराळे आहे, कारण तो केवळ वेषाचा नमुना नव्हे. रंगमंचावर स्वीकारलेली भूमिका रंगमंच सोडल्यावरही अंगावरून उतरली नाही तर काय होते, ह्याचा तो जिवंत दाखला होता. बोवीच्या स्वतःच्या कुटुंबातही मानसिक व्याधीचा अनुभव होता. त्याच्या सावत्र भावाला दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले होते. तेव्हा भूमिकेने माणसास गिळून टाकण्याचा विषय बोवीने कुतूहलापोटी निवडला असेल. परंतु त्यातील धोका त्याला केवळ ऐकीव नव्हता.

येथेच एका प्रचलित आख्यायिकेचा विचार केला पाहिजे. पृथ्वीचा नाश पाच वर्षांवर आला असून अवकाशातून तारक येणार असल्याचा संदेश झिगीस मिळतो, आणि अखेरीस अवकाशातून आलेले ते जीवच रंगमंचावर त्याचे तुकडे करतात, अशी कथा सांगण्यात येते. ही कथा बोवीने विल्यम बरोज ह्या कादंबरीकाराशी झालेल्या संभाषणात मांडली, आणि ते संभाषण ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात फेब्रुवारी १९७४ मध्ये, म्हणजे झिगीचे प्रयोग संपल्यावर, प्रसिद्ध झाले. ह्या कथेतही झिगी हा संदेशवाहक मानवच आहे. परग्रहवासी दुसरेच आहेत. शिवाय ध्वनिमुद्रिकेची घडण पाहिली असता ती अखंड कथानक म्हणून रचिलेली दिसत नाही. ‘इट एन्ट ईझी’ हे गीत बोवीचे नसून रॉन डेव्हीस ह्याचे आहे. ‘मूनेज डेड्रीम’ आणि ‘हँग ऑन टु युवरसेल्फ’ ही दोन गीते १९७१ मध्ये निराळ्या वृंदनामाखाली, निराळ्या रूपात, आधीच प्रसिद्ध झाली होती. ‘स्टारमॅन’ हे सर्वांत गाजलेले गीत तर, स्वतंत्रपणे खपेल अशी एक तबकडी हवी म्हणून, अगदी शेवटी घालण्यात आले. कथेचा सांगाडा नंतर जोडलेला आहे. म्हणून ‘झिगी स्टारडस्ट’ ह्या गीताचा अर्थ त्या कथेतून न काढता गीतातूनच काढणे इष्ट होय.

४

आता संहितेकडे वळू. गीत भूतकाळात आहे, आणि आरंभापासून अखेरपर्यंत भूतकाळातच राहते. झिगी नावाचा एक मनुष्य गिटार वाजवीत असे. वियर्ड आणि गिली ह्या साथीदारांसह, ‘मंगळावरील कोळी’ असे नाव धारण करणाऱ्या वृंदात तो होता. तो डाव्या हाताने वाजवी. तो फार पुढे गेला, आणि मग आम्ही केवळ त्याचे साथीदार उरलो : असा पहिल्या कडव्याचा आशय आहे. दुसऱ्यात त्याचे रूप, केशरचना, काहीशी जपानी ढब, आणि नुसत्या हास्याने श्रोत्यांस जिंकण्याची शक्ती ह्यांचे वर्णन येते. ध्रुवपदात स्वर एकदम बदलतो. साथीदार अंधुक उजेडात बसून त्याच्या चाहत्यांविषयी कुरकुर करीत आहेत, आणि त्याचे ते सुंदर हात चिरडून टाकावेत की काय, असा विचार त्यांच्या मनात घोळतो आहे. तिसऱ्या कडव्यात त्याचा अहंकार, त्याचे स्वतःतच बुडून जाणे, लोकांनी ज्याला उद्धारक मानावे आणि शिवू मात्र नये अशा महारोग्याशी त्याची तुलना, आणि चाहत्यांच्या हातून त्याचा झालेला अंत, एवढे आले की गीत पहिल्याच साध्या विधानावर परत येऊन संपते : झिगी गिटार वाजवीत असे.

अवकाशाचा उल्लेख म्हणावा तर तो दोन नावांपुरता आहे. एका नावात तारे आणि दुसऱ्यात मंगळ. बाकी सर्व हकीकत एका वृंदाची, त्यातील मत्सराची आणि वियोगाची आहे. कोणत्याही मोठ्या गायकाच्या मागे उभ्या राहणाऱ्या वादकाने, वृंद मोडल्यावर, मद्याच्या पेल्यासमोर बसून सांगावी तशी ही हकीकत आहे.

असा निवेदक कितपत विश्वसनीय मानावयाचा? तो झिगीच्या वादनाची मुक्तकंठाने स्तुती करतो. त्याच श्वासात त्याच्या गर्वाला नावे ठेवतो. चाहत्यांना तुच्छ लेखतो. आणि मारेकरीपणाचा ठपका शेवटी चाहत्यांवरच ठेवतो. परंतु हात चिरडण्याचा विचार चाहत्यांच्या मनात आलेला नव्हता. तो ह्याच्या आणि ह्याच्या सोबत्यांच्या मनात आला होता. झिगीच्या अंताची गीतात एकंदर तीन कारणे सापडतात : त्याचा स्वतःचा अहंकार, चाहत्यांची भूक, आणि साथीदारांचा द्वेष. निवेदक पहिल्या दोहोंचे निदान करतो. तिसऱ्याची केवळ कबुली देतो, आणि तीही प्रश्नाच्या रूपात. गीताला करुणेची जी किनार आहे ती ह्या अर्धवट कबुलीमुळे.

सर्वनामांचा हिशेब केला तर आणखी एक गोष्ट दृष्टीस पडते. सबंध गीतात निवेदक स्वतःचा उल्लेख ‘आम्ही’ असा करतो. मध्येच, साथीदारांविषयी बोलताना, तो त्यांच्या वृंदनामाने जणू परक्यांविषयी बोलावे तसेही बोलतो. ‘मी’ मात्र तो एकदाच म्हणतो, आणि तेही अगदी शेवटाजवळ : चाहत्यांनी त्या माणसाचा अंत केल्यावर वृंद मोडणे मला भाग पडले, अशा आशयाच्या वाक्यात. हे वाक्य अडखळविणारे आहे. वृंद मोडण्याचा अधिकार साथीदारास कोठून आला? वृंद झिगीचा होता, हे पहिल्याच कडव्यात सांगून झाले आहे. तेव्हा येथे बोलणारा कोण? एक साथीदार, जो नायकाच्या पश्चात प्रमुख झाला? की ‘तो माणूस’ मेल्यावर मागे उरलेला, झिगीचे सोंग उतरविलेला, झिगीच? की हे सर्व रचणारा गीतकार, जो एक क्षणभर पडद्याआडून पुढे येतो? व्याकरण ह्यांपैकी कोणताही पर्याय नाकारीत नाही. निवेदक, पात्र आणि गायक ह्यांना वेगळे ठेवणारी भिंत त्या एका सर्वनामापाशी पातळ झालेली आहे. ह्या जागेकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

५

गीताच्या नादरचनेतही हेच अंतर राखलेले आढळते. ह्या गीताचे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९७१ मध्ये लंडनच्या ट्रायडेंट ध्वनिमुद्रणगृहात झाले. निर्मिती बोवी व केन स्कॉट ह्यांची. मिक रॉन्सन गिटारवर, ट्रेव्हर बोल्डर खर्जाच्या गिटारवर आणि मिक वुडमन्सी तालवाद्यांवर होते. आरंभी रॉन्सनची भरदार, उघड्या स्वरमेळांची गिटार वाजते; गीतातील कडव्यांच्या मागे बोवीच्या ध्वनिपेटीयुक्त गिटारीचा झणत्कार राहतो; ध्रुवपदात वाद्यमेळ अधिक रुक्ष आणि आक्रमक होतो; आणि आरंभीची तीच सुरावट शेवटच्या विधानाबरोबर परत येते.

येथे एक साधा प्रश्न विचारावा. ज्या गिटारवादनाची गीतात स्तुती आहे, ते आपल्याला ऐकू येते काय? येत नाही. झिगी डावरा; रॉन्सन उजव्या हाताने वाजविणारा. डावऱ्या गिटारवादकाचे नाव काढताच तत्कालीन श्रोत्याला सप्टेंबर १९७० मध्ये निवर्तलेल्या जिमी हेंड्रिक्सचे स्मरण झाले असेल. पण तोही येथे नाही. आपण ऐकतो ती मागे राहिलेल्या साथीदाराची गिटार. नायकाच्या वादनाचे वर्णन शब्दांत आहे आणि त्याची अनुपस्थिती स्वरांत आहे. भूतकाळाची क्रियापदे जे सांगतात तेच वाद्यवृंदही सांगतो : ज्याच्याविषयी हे गीत आहे तो आता येथे नाही.

६

आता गीताकडून प्रयोगाकडे यावयाचे. १० फेब्रुवारी १९७२ रोजी लंडनलगतच्या टॉलवर्थ येथे, टोबी जग नावाच्या मद्यगृहात, ह्या नव्या प्रयोगांचा आरंभ झाला. त्यानंतर सुमारे सतरा महिने ब्रिटन, अमेरिका आणि जपान येथे दौरे झाले. केस तांबडेलाल झाले, काबुकीचे संस्कार असलेले कान्साइ यामामोतोचे पोशाख आले. ६ जुलै १९७२ रोजी ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये ‘स्टारमॅन’ गाताना बोवीने रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकला, ती घटना ब्रिटनमधील पुढच्या पिढीतील अनेक गायकवादकांनी आपल्या आयुष्यातील निर्णायक क्षण म्हणून नमूद केली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध अंशतः गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले ते १९६७ साली. म्हणजे अवघी पाच वर्षे लोटली होती. आपल्या निराळेपणाला नाव देण्याचेही धैर्य नसलेल्या मुलामुलींना ह्या रंगविलेल्या मुखात एक प्रकारची अनुज्ञा दिसली. मुखवट्याचे हे कार्य क्षुल्लक मानता येणार नाही.

प्रेक्षकाच्या ह्या प्रतीतीचे स्वरूप समजून घेण्यास आपल्याकडील नाट्यमीमांसेचे साह्य घेता येईल. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त शंकुकाचे जे मत नोंदविले आहे त्यानुसार, नटाला पाहून प्रेक्षकास होणारी प्रतीती ‘हा रामच आहे’ अशी सम्यक् नसते. ‘हा राम नव्हे’ असे पुढे बाधित होणारी मिथ्याही नसते. ‘राम असेल वा नसेल’ असा संशय नसते. आणि ‘रामासारखा आहे’ असे सादृश्यही नसते. चित्रातील घोड्याला आपण ‘घोडा’ म्हणतो तशी ती ह्या चारींहून विलक्षण असते. झिगीच्या प्रेक्षकाची अवस्था ह्याहून फारशी निराळी नव्हती.

परंतु एक मोठा भेद आहे. नट ज्याचे अनुकरण करतो तो राम नटाच्या आधी होऊन गेलेला असतो. त्याची कथा प्रेक्षकास ठाऊक असते. अनुकार्य आधी, अनुकर्ता नंतर. झिगीच्या बाबतीत असे अनुकार्य कोठे होते? पुराणात नव्हते, इतिहासात नव्हते. ते पुरविण्याचे काम ह्या गीताने केले. वर सांगितल्याप्रमाणे गीत १९७१ मध्येच रचिले व मुद्रित झाले होते, आणि प्रयोग १९७२ मध्ये सुरू झाले. गीतात जपानी ढबीचा निर्देश आधी येतो. जपानी पोशाख मागाहून येतात. झिगीचा उदय आणि अस्त सांगून झाल्यावर मग झिगी जन्मास येतो. भूतकाळाची योजना ही येथे केवळ निवेदनाची लकब नाही. नव्याने निर्मिलेल्या पात्राला गतकाल मिळवून देण्याची ती युक्ती आहे. ज्याच्याविषयी कोणीतरी आठवणी सांगतो तो होऊन गेलाच असला पाहिजे, असे आपण धरून चालतो; आणि होऊन गेलेल्याचे अनुकरण करण्यास नट मोकळा होतो.

ह्या युक्तीत एक सुरक्षितताही होती. निवेदक झिगीहून वेगळा असल्यामुळे, गाणाऱ्याने निदान ह्या एका गीतात स्वतःच्या पात्राकडे बाहेरून पाहिलेच पाहिजे अशी सोय झाली होती. लाल केसांचा झिगी रंगमंचावर उभा राहून, झिगी कसा मेला हे दुसऱ्याच्या तोंडून सांगतो. परंतु प्रेक्षकाने हे अंतर क्वचितच पाहिले, आणि पुढेपुढे गायकालाही ते राखणे कठीण झाले. मुलाखतीही झिगीच्या वेषात होऊ लागल्या. भूमिका आणि आपण ह्यांतील सीमा त्या काळात पुसट झाली होती, आणि त्यामुळे स्वतःच्या मनःस्वास्थ्याविषयी आपल्याला शंका येऊ लागली होती, असे बोवीने पुढे एकाहून अधिक वेळा सांगितले. व्हिन्स टेलरचे उदाहरण आता नमुना न राहता भविष्य होण्याचा संभव दिसू लागला होता.

७

३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये दौऱ्याचा अखेरचा प्रयोग झाला. शेवटच्या गीतापूर्वी बोवीने श्रोत्यांस सांगितले की, हा केवळ ह्या दौऱ्याचा अखेरचा प्रयोग नसून आपला ह्यापुढे प्रयोगच होणार नाही. डी. ए. पेनेबेकर ह्याने केलेल्या चित्रपटात हा क्षण टिपला गेला आहे. बोवीने गाणेच सोडले असा अर्थ अनेकांनी घेतला. वास्तविक झिगीस निरोप देण्यात येत होता. बोवीची पुढची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली. रॉन्सनला हा बेत आधी ठाऊक होता. बोल्डर आणि वुडमन्सी ह्यांना तो रंगमंचावर, हजारो श्रोत्यांच्या बरोबरीने, समजला.

गीताच्या शेवटातील ‘मी’ येथे आपला अर्थ बदलतो. नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘वृंद मोडणे मला भाग पडले’ हे एका कल्पित निवेदकाचे वाक्य होते. जुलै १९७३ मध्ये ते गायकाचे प्रत्यक्ष कृत्य झाले. गीताने घटना घडविली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दौऱ्यांचा थकवा, खर्च आणि नवनिर्मितीची ओढ ही कारणे उघड आहेत. म्हणावयाचे ते एवढेच की, पात्राच्या बाहेर पडण्याची वाट गीतात आधीपासून आखून ठेवलेली होती. ज्या पात्राचा मृत्युलेख त्याच्या जन्माआधीच लिहून झाला आहे, त्यास संपविण्याकरिता नवे काही रचावे लागत नाही.

परंतु ह्या सुटकेची किंमत कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. गीतातील निवेदक साथीदार आहे. वृंद मोडल्याची हकीकत त्याच्या मुखी घातलेली आहे. प्रत्यक्षात वृंद मोडला तेव्हा साथीदारांच्या हाती काहीच नव्हते. बोल्डर पुढच्या ध्वनिमुद्रिकेत वाजविण्यास राहिला. वुडमन्सीच्या जागी दुसरा वादक आला. वियर्ड आणि गिली ही नावे कल्पित होती. मंचावरील माणसे खरी होती, आणि कल्पित वृंदाबरोबर खऱ्या वृंदाचाही शेवट झाला. कलावंताने स्वतःस वाचविण्याकरिता पात्राचा बळी दिला, असे आपण सहज म्हणतो. पात्राच्या छायेत उपजीविका करणाऱ्यांचा हिशेब त्यात धरावयाचा राहून जातो. गीताने मात्र तो धरला होता. झिगीच्या तेजाने दिपलेल्या आणि झिगीच्या तेजाने झाकल्या गेलेल्या माणसाच्या तोंडी त्याने सगळी कथा दिली, हा त्याचा न्याय म्हणावयास हरकत नाही.

८

बोवीने पुढे दुसरी पात्रे घेतली आणि टाकली. परंतु ‘झिगी स्टारडस्ट’ हे गीत टाकले नाही. १९७८ च्या दौऱ्यात ते त्याने झिगीच्या वेषावाचून गायिले, आणि २००३–०४ च्या त्याच्या शेवटच्या मोठ्या दौऱ्यात अनेक प्रयोगांची सांगता ह्याच गीताने होत असे. १९८२ मध्ये बाउहाउस ह्या वृंदाने ते आपल्या ढंगाने गाऊन ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत पंधरावे स्थान मिळविले. झिगी नसताना झिगीचे गीत चालू शकते, ह्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ते गीत झिगीचे कधीच नव्हते. ते त्याच्या पश्चात उरलेल्याचे होते. पन्नाशी उलटलेला गायक जेव्हा आपल्या पंचविशीतील सोंगाविषयी भूतकाळात गातो, तेव्हा त्या क्रियापदांना कोणत्याही नाट्ययुक्तीची गरज उरत नाही. तरुणपणी जे बनावट स्मरण होते ते आता खरे स्मरण झालेले असते.

ह्या विवेचनातून अभ्यासपद्धतीविषयी निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. गायिलेल्या गीताचा विचार करताना ‘गायक कोण’ ह्या प्रश्नाबरोबर ‘सांगणारा कोण’ हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला पाहिजे, आणि सर्वनामे व काळ ह्यांची मोजदाद करूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे. वेष, छायाचित्र, मुलाखत आणि मागाहून जोडलेली कथा ही साधने उपयुक्त आहेत. पण ती गीताच्या जागी बसविता येत नाहीत. झिगीच्या बाबतीत तसे केल्यामुळे एका साथीदाराचा आवाज अर्धशतकाहून अधिक काळ नायकाच्या नावावर जमा होत आला आहे. त्याची नोंद योग्य खाती करून देणे एवढेच येथे अभिप्रेत होते.